शेपट्या आमच्याकडं

७ जून १९९३, सोमवार

भिंत झाली एकदाची! वैशाखातल्या वादळात पडली होती. महिनाभर दोन्ही घरांची मागची परडी उघडी. त्यांचं आम्हाला दिसायचं, आमचं त्यांना. मी पाठ करून भांडी घासायची, पलीकडं जाऊबाईही पाठ करूनच. नुसते अंबाडे एकमेकींकडं!

थोरल्या दिरांनी एकट्यानं बांधली. साठी उलटलेला माणूस, खोकत खोकत दगड रचत होता. आमचे हे दारात बसून बघत होते. सख्खा भाऊ, पण एक दगड उचलून दिला नाही. मी म्हटलं, पाण्याचा तांब्या तरी नेऊन ठेवू का, तर डोळे वटारले. बरं बाबा, नाही नेत.

भिंतीच्या माथ्यावर, त्यांच्या अंगानं, शहाबादी फरशीचा एक तुकडा बसवलाय. कशाला ते कळलं नाही. पापड वाळवायचे असतील.

१२ जून

बसवलेली फरशी आज परत काढली. सकाळभर ठोकाठोक. दुपारी पुन्हा बसवली, जरा इकडं-तिकडं करून. थोरल्यांना शेतात काही काम उरलं नाही वाटतं.

१९ जून

आता कळलं फरशी कशाला! पाखरांना दाणे टाकायला. सकाळी परड्यात आले तर भिंतीवर पारवे, होले, चिमण्या, रांगच्या रांग. सगळ्यांची तोंडं त्यांच्या फरशीकडं, शेपट्या आमच्याकडं. खायचं त्यांचं आणि घाण करायची आमच्यात! भिंतीची आमची बाजू पार पांढरी झाली.

हे जाऊबाईंचंच डोकं. बायनाबाई म्हणजे बाहेरून गरीब गाय, पण आतून पक्क्या. पाखरांना दाणा घालायचं पुण्य करायचंय तर आपल्या अंगणात घाला की! पण नाही. तेरा वर्षांत बोलायला तोंड नाही, म्हणून पाखरांच्या शेपटीनं बोलायलेत.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, तिकडं बघू नको.

२० जून

आज टॉवेल घेऊन हुसकावली. पुन्हा येऊन बसली. वाळत घातलेल्या लुगड्यावर शिटली ते वेगळंच.

४ जुलै, रविवार

आज रागच आला म्हणून लिहिते. मागचं सगळं लिहून टाकते.

१९८० साली वाटण्या झाल्या. तांब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या होत्या. तीन पिढ्यांच्या उकिरड्याची काळीभोर जागा थोरल्यांकडं गेली, आणि घरामागचा हा मुरूम आमच्या वाट्याला. कुदळ मारली की ठिणगी निघते. हे म्हणाले, थोरल्यांनी पंचांना हाताशी धरलं. त्यावरनं शब्दाला शब्द वाढला, आणि दोघं तरातरा खंडोबाच्या देवळात गेले. बेल-भंडार उचलून शपथ घेतली. मी तिथं होते, मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. आधी थोरले बोलले, मग हे. दोघंही तेच बोलले:

“तुझ्या घरचा दाणा माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. माझा तुझ्या घरात जाणार न्हाई.”

झालं. तेव्हापासून लग्न नाही, बारसं नाही, मयतीचा चहासुद्धा नाही. आमची कमळी ताडकळसला दिली, तिच्या लग्नात सख्खा चुलता भिंतीपलीकडं बसून होता.

माझं दुखणं वेगळंच आहे. खंडोबा आमचं कुळदैवत. चातुर्मासात वांगं तोंडात घालायचं नाही. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा निवद दाखवायचा, मगच खायचं. गावात सगळ्यांची वांगी आपापल्या परड्यातली. आमची बाजारची! एका वर्षी देवळात जाऊबाई कुणाला तरी म्हणाल्या, विकतच्या वांग्यांचा निवद तो. मला ऐकू यावं असंच म्हणाल्या. तेव्हापासून दर साल रोपं लावते. दर साल पिवळी पडून वीतभर उंचीवर अडून बसतात. घरात एकच गाय, तिचं शेण गोवऱ्यांनाच पुरत नाही. खत आणू कुठून?

औंदा भिंतीच्या कडेनं लावणार. तिथं जरा सावली तरी आहे.

१८ जुलै

बावीस रोपं लावली. वर पाखरांची पंगत बसलेलीच. रोज खराट्यानं झाडून घाण रस्त्यावर टाकते. कंबर मोडली.

२ ऑगस्ट

कासाबाई आली होती. धनगराची. मेंढरं ओढ्याला लावून दुपारची टेकते घडीभर, मी ताक देते. बोलता बोलता भिंतीकडं बोट केलं. भिंतीच्या बुडाशी आपोआप उगवलेला माठ गुडघ्याएवढा! तोच माठ चार हातांवर बोटभर. इतके दिवस माझ्या नजरेला पडला नव्हता. कासाबाई म्हणाली, हे पाखराच्या शिटीचं काम हाय.

म्हणजे दीड महिना मी खत झाडून रस्त्यावर टाकत होते! कपाळावर हात मारून घेतला.

३ ऑगस्ट

पहाटे उठून भिंत खरवडली. टोपलंभर निघालं. प्रत्येक रोपाच्या बुडाशी चांगली मूठ मूठ घातली. जाऊबाई, तुमच्याच दाण्यांवर माझी वांगी पोसते की नाही बघा!

दिवसभर उगाच हसू येत होतं.

८ ऑगस्ट

जळाली. बावीसातली चौदा रोपं. पानं कडेनं करपत आत गेली, आज माना टाकल्या. मी तिथंच मुरमात बसून रडले. हे आले, बघितलं, आत गेले. थोड्या वेळानं माझ्यासाठी चहा करून आणला. चहात साखर नव्हती, पण मी सगळा प्यायले.

९ ऑगस्ट

कासाबाईनं वाभाडे काढले माझे. “येडी का काय तू? मेंढीच्या लेंडीवानी हाय व्हय ती? पाखराची शिट लय गरम. आदी मुरू द्यावी, मग द्यावी.”

तिनंच दाखवलं. फुटक्या रांजणात शिट घालायची, वर पाणी, तोंडाला गोणपाट. रोज काठीनं ढवळायचं. पंधरा-वीस दिवस मुरलं की त्यातलं तांब्याभर घ्यायचं आणि दहा तांबे पाण्यात घालायचं. कोऱ्या चहासारखा रंग आला पाहिजे. तेही बुडाला नाही, वीतभर लांबून आळं करून द्यायचं.

आठ रोपं उरलीत. आठ तर आठ.

१५ ऑगस्ट

वास! ह्यांनी आपलं ताट उचलून पुढच्या ओसरीत नेलं. म्हणाले, ह्या घरात एक तर रांजण राहील नाही तर मी. मी म्हटलं, चंपाषष्ठीपर्यंत रांजण राहील.

२९ ऑगस्ट

आज पहिलं पाणी दिलं. तांबे दोनदा मोजले.

१२ सप्टेंबर

आठही रोपं काळी-हिरवी! पानं माझ्या तळहातापेक्षा मोठी. त्यांच्याकडं बघत बसले आणि भाकरी करपली. ह्यांनी करपलेलीच खाल्ली. ताट घेऊन परड्यात आले होते, रांजणाच्या शेजारी बसून जेवले. रोपांकडं पाठ होती. पण आले होते.

१ ऑक्टोबर

काल पहाटे जमीन हलली. किल्लारीकडं गावंच्या गावं बसली म्हणतात. रेडिओ ऐकवत नाही. गाव सगळं अंगणात निजायलंय. आम्ही भिंतीच्या अलीकडं, ते पलीकडं. थोरले लय खोकतात. हे जागेच होते.

२४ ऑक्टोबर

फुलं लागली. जांभळी.

आता सकाळी पाखरं यायला जरा उशीर झाला की मी वर बघते. एका पारव्याचं एक बोट तुटलेलं आहे, त्याला मी ओळखते. तो सगळ्यात आधी येतो. जूनमध्ये ह्यालाच मी टॉवेल मारला होता.

खरं सांगायचं तर जाऊबाईंवरचा राग उतरायलाय. त्यांनी केलं माझा अपमान करायला, झालं माझं भलं. त्यांना कळलं तर दाणे टाकायचं बंद करतील, म्हणून मी कुणाजवळ बोलत नाही. कासाबाईलाही शपथ घातलीय.

२८ नोव्हेंबर

एकवीस वांगी मोजली. देठाला काटे, अंगाला तकाकी. एकही तोडलं नाही. देवाच्या आधी कुणाचा हात लागू देणार नाही. शेजारपाजारच्या बाया येऊन बघून गेल्या. कसलं खत घातलं गं? मी म्हटलं, खंडोबाची कृपा. खोटं बोलले, पण अगदीच खोटं नाही.

१९ डिसेंबर, रविवार. चंपाषष्ठी

आमच्या परड्यातली वांगी देवाला गेली! तेरा वर्षांनी!

पहाटे उठून भाजली, भरीत केलं, रोडगे केले. हे पितळी ताट घेऊन पुढं, मी मागं. देवळात गुरवानं सगळ्यांचे निवद एका परातीत एकत्र मांडले आणि प्रसाद वाटला. प्रसाद देवाचा, तिथं कुणाची शपथ आडवी येत नाही. थोरले खांबाला टेकून उभे होते, पार वाळलेत. गुरवानं हातावर घातलं ते खाल्लं. मग पुन्हा हात पुढं केला. दुसऱ्यांदा! भरीत माझंच होतं, मी ओळखलं, माझ्याइतकी हिरवी मिरची कुणी घालत नाही. त्यांना काय ठाऊक कुणाच्या परड्यातलं आहे ते.

जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. हसल्यासारखं वाटलं. मी पदर पुढं ओढला.

२ जानेवारी १९९४

दुसरा तोडा. कमळीला ताडकळसला पिशवीभर पाठवली.

५ जानेवारी, बुधवार

भिंतीवर एक पाखरू नाही.

६ जानेवारी

आजही नाही. तो तुटक्या बोटाचा पारवा एकटा आला, इकडं-तिकडं मान केली, उडून गेला.

कासाबाईनं सांगितलं — थोरल्यांना लकवा मारला. काल पहाटे पिंगळी स्टेशनावरनं पहिल्या गाडीनं परभणीला नेलं. उजवं अंग गेलं. जाऊबाई सोबत आहेत.

मध्ये फक्त एक भिंत आणि आम्हाला कळायला दीड दिवस लागला.

ह्यांना सांगितलं. हे विळ्याला धार लावत होते. लावतच राहिले. विळा कधीचा धारदार झाला होता.

९ जानेवारी

दाणे टाकायला जाऊबाई नाहीत, म्हणून पाखरं नाहीत. असू दे. वांगी लय झाली आता. थोरले उठून बसू देत एवढंच मागते देवाजवळ.

ह्यांना म्हटलं, जाऊन तरी बघा. म्हणाले, “शपथ हाय.” मी म्हटलं, शपथ दाण्याची हाय, पायाची न्हाई. उठून शेतात गेले. तिन्हीसांजेला आले, जेवले नाहीत.

१३ जानेवारी, गुरुवार. भोगी

जाऊबाई काल संध्याकाळी कपडे न्यायला आल्या. भाच्याला दवाखान्यात बसवून. पलीकडं भांड्यांचा आवाज आला, मला बरं वाटलं. म्हटलं, उद्या पाखरं येतील.

आज सकाळी बघितलं. जाऊबाई घरात, आणि भिंत रिकामी.

मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. मग पाटा भिंतीला लावला, त्यावर चढले, आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा हाक मारली — आक्का, थोरले कसे हायत? शब्दांची शपथ कुणी घेतली होती? आम्ही बायांनी उगंच तोंडं शिवून घेतली.

त्या परड्यातच होत्या. हातातलं भांडं खाली ठेवलं. मग भिंतीशी आल्या आणि रडायला लागल्या. थोरल्यांचा उजवा हात गेलाय, तोंड वाकडं झालंय, बोललेलं कळत नाही. डाव्या हातानं सारखी दाणे टाकल्याची खूण करतात. पारव्यांचं बघ म्हणून.

मी म्हटलं, मग आज तुमी टाकले कामून न्हाई?

“मी कवा टाकत व्हते? तेच टाकायचे. मला हात लावू देत नव्हते.” मग डोळे पुसून म्हणाल्या, “भिंत पडली तवा तुझी गेल्या सालची रोपं दिसली त्यांना. पिवळी पडलेली. दोन दिस जेवले न्हाईत, सुगंधा. मग फरशी बसवली. पाखरं आडवी बसायला लागली म्हणून काढून पुन्यांदा बसवली. शेपट्या तुमच्याकडंच व्हाव्यात म्हणून. म्हणले, दाणा पाखराच्या पोटातनं गेला तर देव इचारणार न्हाई.”

आणि विकतच्या वांग्यांचा निवद? मी विचारलंच. त्या म्हणाल्या, त्या दिवशी त्या माझी कीव करत होत्या. गुरवाच्या बायकोला म्हणत होत्या, विकतच्या वांग्यांचा निवद देतात, आपल्या परड्यात एवढी लागलीत पण देता येत नाहीत. मी अर्धंच ऐकलं आणि एवढी वर्षं उराशी धरून बसले. लाज वाटली.

मी आठ रोपांतलं एकेक वांगं तोडून भिंतीवरनं पुढं केलं. भोगीची भाजी करा म्हटलं. त्यांनी हात पुढं केला, मग मागं घेतला. दवाखान्यात पडलाय तो माणूस, म्हणाल्या, आत्ता देवाची शपथ मोडायचं धाडस होत न्हाई गं. मलाही झालं नसतं.

१४ जानेवारी. संक्रांत

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याचं रेडिओवर सांगितलं. ह्या नावापायी किती गरिबांची घरं जळाली सोळा वर्षांत. आज त्यांच्या वस्तीत दिवे लावलेत, पेढे वाटलेत. रस्त्यावर बंदोबस्त, एसटी बंद. जाऊबाई रेल्वेनं परत गेल्या.

ह्यांना सगळं सांगितलं. फरशीचं, शेपट्यांचं, पिवळ्या रोपांचं. तिळगुळाची वाटी समोर होती. हे वाटीकडं बघत बसले. वाटी बाजूला सारली आणि म्हणाले,

“चिठ्ठी मीच उचलली व्हती.”

मला आधी कळेना. मग कळलं. थोरल्यांनी तांब्या ह्यांच्यापुढं धरला होता, धाकटा म्हणून पहिली चिठ्ठी ह्यांना. ह्यांच्याच हातानं मुरूम आला. कुणी पंच फोडले नव्हते. रागाच्या भरात तोंडातून गेलं आणि मग मागं घेता येईना. तेरा वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, ह्यांच्या शब्दावर.

मी ह्यांना लय बोलले. जे जे तोंडात आलं ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान वर केली नाही. मग मलाच गलबलून आलं.

१७ जानेवारी

हे सकाळ-संध्याकाळ परड्यात जाऊन भिंतीला हात लावून उभे राहतात. 

२० जानेवारी

थोरल्यांना आणलं. स्टेशनापासून बैलगाडीत, खाली गवत घालून. गाडी आमच्या दारावरनं गेली. हे दारापर्यंत गेले, गाडीच्या चाकाला हात लावायचाच बाकी होता, आणि परत फिरले. मी कपाळ बडवून घेतलं.

जाऊबाईंनी त्यांची बाज परड्यात टाकलीय, उन्हाला. भिंतीकडं तोंड करून. पाट्यावर चढून बघितलं मी. थोरले रिकाम्या फरशीकडं बघायलेत. माझ्याकडं नजर गेली तर डाव्या हातानं पदर पुढं घ्यायची खूण केली. अजून तसेच आहेत!

२२ जानेवारी

जाऊबाईंनी चार दाणे टाकले. पाखरं आली नाहीत, मोडलेली सवय. त्यांच्या परड्यातली मेथी खुरपायला माणूस नाही, पिवळी पडायलीय.

जेवताना ह्यांना सहज म्हणून सांगितलं. घास हातातच राहिला त्यांचा.

२३ जानेवारी, रविवार

ठोकाठोकीनं जाग आली. हे भिंतीवर फरशी बसवत होते. आमच्या बाजूनं. ओंजळभर ज्वारी टाकली आणि मागं सरून उभे राहिले. तुटक्या बोटाचा आधी आला, मग दोन होले. आडवे बसले. ह्यांनी फरशी काढली, चार बोटं सरकवून पुन्हा बसवली.

आता तोंडं आमच्याकडं. शेपट्या त्यांच्याकडं.